बाहुली तक्रार करत नाही

जगात मदत करणारे दोन जातींचे असतात, असं कादंबरी नावाच्या बाईचं ठाम मत होतं. एक, विचारल्याशिवाय उचलणारे. दुसरे, न उचलता नुसतंच विचारत राहणारे. पहिले तिला पुण्यात भेटले, दुसरे जपानमध्ये. दोन्हींच्या मधला माणूस देवाने अजून घडवायलाच घेतला नसावा, असं ती म्हणायची, आणि व्हीलचेअरवर बसून हे ऐकवल्यावर समोरचा गोरामोरा झाला की तिला बरं वाटायचं.

पहिल्या जातीचा, जपानातही येऊन पोचलेला उत्तम नमुना म्हणजे नंदकिशोर. मूळचा नाशिकचा, टोकियोत एका बँकेच्या प्रोजेक्टवर, मराठी मंडळात सतरंज्या घालण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळीकडे पहिला. दिवाळीच्या फराळाला भाड्याने घेतलेल्या हॉलच्या दारात एक पायरी होती. कादंबरीने सोबत आणलेली घडीची फळी अजून उघडलीही नव्हती, तोच या गड्याने मागून येऊन तिला खुर्चीसकट उचललं आणि थेट चिवड्याच्या परातीपाशी नेऊन ठेवलं. धरायला हाताशी आला म्हणून त्याने ब्रेकचा दांडा धरला होता. दांडा वाकला.

"वहिनी, टेन्शन नाही घ्यायचं. आपण आहोत ना!" वर हेही.

"भीक नको पण कुत्रा आवर," असं ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली. देवदत्त पक्कड घेऊन ब्रेक सरळ करत बसला होता. तो शांत माणूस. लग्नाच्या आधीपासून तिला ओळखत होता, त्यामुळे अशा वेळी बोलायचं नसतं हे त्याला माहीत होतं.

तिचा राग उगाच नव्हता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ती स्कूटरवरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. माहेरचं घर सदाशिव पेठेत, वरच्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. तेव्हापासून तिचं बाहेर पडणं म्हणजे चार पुरुषांच्या सवडीचा प्रश्न झाला. भाऊ, शेजारचे काका, खालचा इस्त्रीवाला आणि कोपऱ्यावरचा रिक्षावाला असे चौघे जमले तर परीक्षा, नाहीतर नापास. माणसं चांगली होती, जीव लावणारी होती. पण तिला जिन्यावरून नेताना ती आपापसात क्रिकेटबद्दल बोलायची. आपण पोतं आहोत असं तिला तेव्हा वाटायचं. पुणं सोडताना तिने मनाशी ठरवलं होतं, आता कुणालाही उचलू द्यायचं नाही.

जपानने तो शब्द राखला. स्टेशनवर टोपीवाला कर्मचारी विचारायचा, कुठे उतरणार. मग पुढच्या स्टेशनला फोन जायचा, आणि ती उतरायची तिथे डब्याच्या दारासमोर दुसरा टोपीवाला फळी घेऊन उभा असायचा. ऑफिसच्या कामाला ती एकटी ओसाकाला जाऊन आली. परतल्यावर तिने आईला फोन केला आणि नुसतं "एकटी गेले होते" एवढं सांगून रडली. पुढे टोकियोतल्या ओजिमा भागातली जागा लहान पडायला लागली तेव्हा त्यांनी नदीपलीकडच्या एका वॉर्डात तळमजल्यावर घर घेतलं. वॉर्डाचं नाव सांगायची गरज नाही. जमीन नदीच्या पातळीपेक्षा खाली असलेले वॉर्ड त्या बाजूला बरेच आहेत.

एका वर्षी ऑक्टोबरात मोठं वादळ आलं. दुपारी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले: घर सोडा, शाळेत जा. कादंबरी, देवदत्त आणि बारा वर्षांची मिताली जवळच्या शाळेत पोचले. दारातच वॉर्ड ऑफिसच्या आपत्ती विभागातल्या इशिझुका-सान नावाच्या तरुण बाईने गुडघ्यावर बसून खुर्चीची चाकं ओल्या फडक्याने पुसली. बाकीच्यांनी बूट काढले, मग चाकांनी तरी चिखल का न्यावा? पूर येणार होता, पण चाकं आधी स्वच्छ झाली. कादंबरीला त्याचं हसू आलं आणि बरंही वाटलं.

थोड्या वेळाने घोषणा झाली. नदी चढते आहे, सर्वांनी तिसऱ्या मजल्यावर जावं. शाळेला लिफ्ट नव्हती.

मग सुरू झालं विचारणं. इशिझुका-साननी वाकून माफी मागितली. त्यांच्या साहेबांनी माफी मागितली. चारजण गोल करून उभे राहिले आणि जिन्यावर काही झालं तर काय, कुणाला फोन करावा, अपंगांसाठीचं वेगळं केंद्र कधी उघडेल, यावर अगदी हळू आवाजात चर्चा करू लागले. पाऊस खिडक्यांवर आपटत होता. कुणी हात पुढे करेना.

"मी चौघांना विचारतो," देवदत्त म्हणाला. "उचलून नेऊ."

"नको," कादंबरी म्हणाली. "मला कुणी उचलायचं नाही. एवढं काही पाणी यायचं नाही. आम्ही इथे ठीक आहोत म्हणून सांग त्यांना."

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण ते ऐकून इशिझुका-सानच्या चेहऱ्यावर जी सुटका उमटली, ती कादंबरीला पुढे कित्येक दिवस दिसत राहिली. मितालीला शेजारच्या बाईंबरोबर वर पाठवलं. पोरगी जात नव्हती, कादंबरीने आवाज चढवला तेव्हा निघाली. जिना चढताना ती सारखी मागे वळून बघत होती. देवदत्त खाली बायकोजवळ राहिला. दोघं रिकाम्या जिम्नॅशियममध्ये बसून पाण्याची वाट बघत होते आणि एकमेकांना मुद्दाम फालतू गोष्टी सांगत होते.

पाणी मैदानाच्या कडेपर्यंत आलं आणि थांबलं. नशीब, दुसरं काय.

पण घरी आल्यावर जेवताना मितालीने चमचा खाली ठेवला. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जपानीतून यायचं. त्या दिवशीही ती जपानीतच बोलली, शांतपणे, शाळेत धडा वाचतात तशी.

"पुढच्या वेळी मी वर जाणार नाही. तुम्ही खाली असाल तर मी पण खाली."

"असलं वेड्यासारखं बोलायचं नाही, मिताली."

"मी ठरवलंय."

कादंबरी रागावली. नंतर समजावलं, मग लालूच दाखवली, शेवटी बापाकडून सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. एकदा ठरवलं की ठरवलं, हा गुण पोरीने कुठून उचलला हे शोधायला लांब जावं लागत नव्हतं. कादंबरीला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या हट्टाची भीती वाटली. आपण खाली राहिलो तर ही खाली राहणार, आणि पुढच्या वेळी पाणी मैदानाच्या कडेला थांबेलच असं कुणी लिहून दिलेलं नाही. काहीही करून आपल्याला तिसऱ्या मजल्यावर पोचायला हवं. चौघांच्या हातून जावं लागलं तरी.

तिने वॉर्ड ऑफिस गाठलं. इशिझुका-सान तिला पाहून आधी घाबरल्या, मग ऐकू लागल्या. कादंबरीची मागणी साधी होती: दर सप्टेंबरात तुम्ही आपत्तीचा सराव करता, त्यात व्हीलचेअरवरचं माणूस तिसऱ्या मजल्यावर न्यायचाही सराव करा. इशिझुका-साननी मान डोलावली, वर विचारते म्हणाल्या. विचारणं वसंतात सुरू झालं आणि उन्हाळा संपेपर्यंत चाललं. शेवटी फोन आला. मंजूर! सरावात तो भाग घातला आहे, आणि कादंबरी-साननी अवश्य यावं.

त्या दिवशी ती ट्रॅकसूट घालून, केस घट्ट बांधून, खुर्चीचे बोल्ट देवदत्तकडून दोनदा तपासून घेऊन शाळेत गेली. इतक्या वर्षांनी पुन्हा चौघांच्या हातात जायचं होतं.

मैदानावर सगळी लगबग. एकीकडे आग विझवायची नळकांडी चालवून बघत होते, दुसरीकडे कोरड्या भातात गरम पाणी ओतून आणीबाणीचं जेवण शिजवत होते. मराठी मंडळाने परदेशी रहिवाशांतर्फे मूगडाळीच्या खिचडीचा स्टॉल लावला होता, आणि नंदकिशोर ॲप्रन बांधून डावाने वाढत होता. इशिझुका-सान धावत आल्या. त्यांनी कादंबरीच्या छातीवर पाहुण्यांची फीत लावली, तिला पांढऱ्या तंबूत पहिल्या रांगेत नेलं आणि हातात थंड सातूचा चहा दिला.

"इथून उत्तम दिसेल," त्या म्हणाल्या.

"काय दिसेल?"

त्यांनी हात केला. मैदानापलीकडे, शाळेच्या उघड्या जिन्याच्या तळाशी एक व्हीलचेअर होती. तिच्यात निळ्या कपड्यांतली माणसाएवढी बाहुली बसवली होती. अग्निशमनवाले सरावाला वापरतात ती. वजन माणसासारखं, चेहऱ्याला नाकडोळे नाहीत.

"पण मी आलेय की!" कादंबरी म्हणाली.

"खऱ्या माणसाला इजा झाली तर..." इशिझुका-सानचा आवाज खाली गेला. "आम्हाला तुमची काळजी वाटते."

वर्षभर जिच्यासाठी धडपड केली ती कादंबरीची जागा एका बाहुलीला मिळाली होती, आणि तिला मिळाला होता चहा. मिताली तंबूच्या खांबाला टेकून उभी होती. तिने बाहुलीकडे पाहिलं आणि मग आईकडे. त्या नजरेने कादंबरीला जास्त लागलं.

शिटी वाजली. मोहल्ला समितीचे प्रमुख कुरोकावा-सान आणि तीन गडी पुढे झाले. कुरोकावा-सान सत्तरीचे, पण देवळाच्या जत्रेत देवाची पालखी अजून खांद्यावर घेणारे. चौघांनी बाहुलीची खुर्ची उचलली आणि निघाले. पहिल्याच टप्प्यात एकाच्या हातात खुर्चीचा हात निघून आला. तो सुटाच असतो, हे त्याला कुठून माहीत असणार? बाहुली त्या बाजूला कलली. तिचा दंड खुर्ची आणि कठड्याच्या मध्ये अडकला, तो त्यांनी ओढून सोडवला. वळणावर खुर्ची फिरवताना डोकं भिंतीवर आपटलं. आवाज तंबूपर्यंत आला. पाय पट्टीवरून घसरून पायऱ्यांवर ठेचकाळत गेला. चौघं घामाघूम झाले, पण थांबले नाहीत, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचून त्यांनी हात वर केले.

टाळ्या वाजल्या. इशिझुका-साननी मेगाफोन तोंडाला लावला. "व्हीलचेअरवरील व्यक्तीला सुखरूप तिसऱ्या मजल्यावर पोचवण्यात आलं आहे."

कादंबरीने चहा खाली ठेवला. खुर्ची ढकलत ती तंबूतून बाहेर आली आणि मेगाफोनसाठी हात पुढे केला. इशिझुका-साननी तो दिला, कारण मागितलेली वस्तू न देण्याची त्यांना सवयच नव्हती.

"क्षमा करा," कादंबरी तिच्या ऑफिसातल्या सगळ्यात सभ्य जपानीत म्हणाली. "पण त्या बाई वारल्या."

खिचडीचा डाव पातेल्यावर आपटला. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून कुरोकावा-सान वाकून बघत होते.

"कुठे वारल्या?" त्यांनी वरून विचारलं.

"वळणावर. डोकं आपटून. हात त्याच्या आधीच मोडला होता."

म्हातारा विचारात पडला. "त्या काहीच बोलल्या नाहीत," तो म्हणाला.

"बाहुली तक्रार करत नाही," कादंबरी म्हणाली. "मी करते. भरपूर करते. माझ्या घरी विचारा."

देवदत्तने कुणी विचारायच्या आधीच मान हलवली. कुठूनतरी हसू फुटलं आणि मग सगळं मैदान हसलं. पण वॉर्ड ऑफिसचे साहेब हसले नाहीत. ते पुढे आले, वाकले, म्हणाले की त्यांना खरोखर खेद आहे, पण जिवंत माणसाला जिन्यावरून नेण्याची आजवर पद्धत नाही, आणि त्या पडल्या तर?

"पडले तर ती बघा अँब्युलन्स उभी आहे," कादंबरी म्हणाली. "तिकडे डॉक्टर बसलेत. ऊन पडलंय, जिना कोरडा आहे, मदतीला एवढी माणसं आहेत. मला पडायचंच असेल तर आजच्याइतका चांगला दिवस मिळणार नाही. पूर आला त्या दिवशी यातलं काय असणार आहे?"

साहेब इशिझुका-सानकडे बघू लागले. आणि त्या मुलीने, जिने वर्षभर प्रत्येक गोष्ट वर विचारली होती, या वेळी कुणालाच विचारलं नाही. ती कादंबरीसमोर गुडघ्यावर बसली, डोळ्याला डोळा भिडेल अशी.

"काय करायचं, ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. "आम्ही तसंच करू."

साहेबांनी हळूच मान खाली घातली. पुढे होऊन नाही म्हणायची त्यांचीही इच्छा राहिली नसावी. कुरोकावा-सान जिना उतरून आले. त्यांच्या गड्यांतल्या एकाचा हात मुरगळला होता, म्हणून चौथा माणूस हवा होता. कोण येणार? ॲप्रन फेकून नंदकिशोर धावतच आला, दोन्ही हात पुढे करून, नेहमीसारखा. कादंबरीने डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. तिने डोळे उघडले. नंदकिशोर समोर थांबला होता, हात अधांतरी ठेवून. वळणावरचा तो आवाज त्यानेही ऐकला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "कुठे धरू?"

एवढे दोन शब्द ऐकायला कादंबरीने किती वर्षं घालवली होती! रागावायला तयार ठेवलेलं सगळं तोंडातच राहिलं.

"खुर्चीचे हात आणि चाकं धरायची नाहीत, ती निघतात," ती सावरून म्हणाली. "खालची नळी धरा. चौघांनी चार कोपरे. माझं तोंड जिन्याकडे, खुर्ची थोडी मागे कललेली, म्हणजे मी पाठीवर रेलते. मी थांबा म्हटलं की थांबायचं. आणि क्रिकेटबद्दल बोलायचं नाही."

शेवटचं वाक्य कुरोकावा-सानना कळलं नाही, पण त्यांनी तेही मान्य केलं. पुण्यातल्या त्या जिन्याने तिला काय शिकवलं होतं, हे तिला त्या दिवशी कळलं. पोत्यासारखं जाता जाता ती कुठे दुखतं, कुठे घसरतं, कुणाचा हात कधी सुटतो, सगळं शिकून बसली होती. तिला ते कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"मी पुढे चालते," मिताली अचानक जपानीत म्हणाली. "आई घाबरली की जपानी विसरते. मी सांगेन सगळ्यांना."

ही गोष्ट खरी होती, आणि चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. कादंबरी काही म्हणायच्या आत पोरगी पहिल्या पायरीवर चढून, तोंड त्यांच्याकडे करून उभी राहिली.

खुर्ची जमिनीवरून सुटली. कुरोकावा-साननी पालखीची आरोळी दिली, "वाश्शोइ!" दोन गड्यांनी ती उचलून धरली. इकडे नंदकिशोरच्या अंगात वारं संचारलं.

"गणपती बाप्पा..."

"थांबा!" कादंबरी मराठीतच ओरडली. "नंदूभाऊ, मी गणपती नाहीये! माझं विसर्जन होऊ नये म्हणून चाललंय ना हे सगळं? एकानेच ओरडा, दोन ताल झाले तर मी खाली पडेन."

"थांबा!" मिताली जपानीत ओरडली. विसर्जनाचं भाषांतर तिला जमलं नाही, ते तिने सोडून दिलं. "ताल मी देते. माझ्याकडे बघा."

मग ती म्हणेल तसे चौघं चढू लागले. एक पायरी, श्वास, एक पायरी. कुणी दुसरं काही बोलत नव्हतं. डावा कोपरा खाली गेला की कादंबरी म्हणायची "डावीकडे वर," आणि मिताली तेच जपानीत म्हणायची. कुरोकावा-सानच्या मानेवरच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. नंदकिशोरच्या नाकावरून घाम टपकत होता, तो पुसायला त्याने हात सोडला नाही. खाली देवदत्त जिन्याच्या तोंडाशी उभा होता आणि प्रत्येक पायरीला आपलेच खांदे उचलत होता.

पहिला टप्पा झाला, दुसरा झाला. शेवटच्या वळणावर खुर्ची अडली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! भिंत इकडे, कठडा तिकडे, मागचं चाक कोपऱ्यात. बाहुली मेली ती जागा हीच. कादंबरीचं डोकं भिंतीपासून हातभर अंतरावर होतं आणि खाली थेट मैदान दिसत होतं. पुरे झालं, खाली न्या, असं तिच्या ओठांवर आलं. समोर मिताली उभी होती. तिचे डोळे एवढेसे झाले होते, पण ती मागे सरली नव्हती.

"खाली ठेवा," कादंबरी म्हणाली. "श्वास घ्या सगळ्यांनी. आता पुढचे दोघं आधी फिरा. मागच्यांनी जागेवरच राहायचं. खुर्ची फिरवायची नाही, तुम्ही तिच्याभोवती फिरायचं."

मितालीने सांगितलं. ते फिरले. चाक सुटलं. आणि मग शेवटच्या पायऱ्या कशा गेल्या ते कुणालाच आठवत नाही, कारण खालचं सगळं मैदान मितालीच्या तालावर ओरडायला लागलं होतं. खिचडीवाले, अग्निशमनवाले, दारात चाकं पुसायला फडकी घेऊन बसलेल्या आज्या, अगदी साहेबसुद्धा.

तिसऱ्या मजल्याच्या सपाट फरशीवर चाकं टेकली तेव्हा कादंबरीने दोन्ही हातांनी रिम धरल्या आणि खुर्ची स्वतः पुढे ढकलली, कठड्यापर्यंत. तिथून नदी दिसत होती, तिचा बांध दिसत होता आणि बांधाच्या खाली बसलेलं त्यांचं घर दिसत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. आपण पोतं नव्हतो, सगळ्या वाटभर आपणच गाडी हाकली, हे तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. नंदकिशोर भिंतीला टेकून खाली बसला होता.

"वहिनी, पाठ मोडली," तो म्हणाला. "पण ब्रेक वाकवला नाही. बघून घ्या."

ती हसली. पाठ मोडली तर मोडली, आता हा माणूस सुधारला होता. कुरोकावा-सान तिच्यासमोर आले, खूप खोल वाकले आणि विचारलं, "या वेळी जिवंत आहात?"

"आहे," ती म्हणाली. "एक तक्रार आहे. चहा खाली राहिला."

सगळ्यांनी वाकून खाली पाहिलं. तंबूत पहिल्या रांगेत, मानाच्या जागेवर निळ्या कपड्यांतली बाहुली बसली होती. वरून खाली आणल्यावर तिला ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून कुणीतरी तिथे नेऊन ठेवली असावी. पण बसवल्यावर त्या माणसाला काहीतरी अपुरं वाटलं असणार, कारण कादंबरीची गळून पडलेली पाहुण्यांची फीत तिच्या छातीवर लावली होती आणि अर्धा प्यालेला सातूचा चहा तिच्यासमोर सरकवून ठेवला होता.

पुढे वॉर्डाने नियमच बदलला. ज्याला मदत लागते त्याने सरावात स्वतःची भूमिका स्वतः करायची, बाहुली बंद. एका शाळेत दृष्टी नसलेल्या आजोबांनी वाट दाखवणाऱ्यांना तीन वेळा परत फिरवलं. दुसरीकडे ऐकू न येणाऱ्या बाईंनी पाटीवर लिहून कळवलं की मेगाफोन कितीही मोठा केला तरी काही फरक पडणार नाही. शाळाशाळांत जिन्यावरून न्यायच्या खास खुर्च्या आल्या, पट्ट्या असलेल्या, धरायला मुठी असलेल्या. त्या विकत घेण्याआधी इशिझुका-साननी प्रत्येक नमुन्यात कादंबरीला बसवून तक्रारी ऐकून घेतल्या. इतर शाळांतूनही तिला बोलावणी येऊ लागली. "नुसतं उचलून घ्यायला जाते मी," ती आईला फोनवर ऐटीत सांगायची. आईला ते काही समजायचं नाही.

सरावाच्या पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात, पुन्हा वादळ आलं. दुपारीच फोन किंचाळले. तिघं शाळेत पोचले, दारात चाकं पुसली गेली, आणि नदी चढत असल्याची घोषणा झाली. पाऊस तसाच खिडक्यांवर आपटत होता. देवदत्तने पाठपिशवी खांद्यावर घेतली आणि बायकोकडे पाहिलं. इशिझुका-सान जिन्याची खुर्ची घेऊन येतच होत्या, मागून रेनकोटातले कुरोकावा-सान आणि त्यांचे गडी. आल्या आल्या म्हाताऱ्याने विचारलं, "आज कुणी कुठे धरायचं?"

कादंबरी सांगू लागली. सांगता सांगता तिने मितालीला शोधलं. पहिल्या वादळानंतरचं पोरीचं ते वाक्य ती अजून विसरली नव्हती. पोरगी जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी होती, हातात तिघांच्या चटया.

"आई," ती म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "मी पुढे जाऊन खिडकीजवळची जागा धरते. तू ये."

आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत ती वर पळाली. एकदाही मागे वळून न बघता.